उडती तबकडी छोट्या हत्तीत बसवताना

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पूर्व विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीनं सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो अवशेष असल्याचं पुढं अंतराळ अभ्यासकांनी सांगितलं. आमच्या पारावर मात्र त्या रात्री पहिला प्रश्न होता, "वजन किती असन जी?" आणि दुसरा, "भंगारात भाव का लागन?"

तिथंच आमचं नाटक सुरू झालं. 'कडं कोनाचं?' नावाचं दीड तासाचं विनोदी संगीत नाटक. एक परग्रहवासी आपल्या यानाचं हरवलेलं कडं शोधत गावात येतो, तेव्हा कडं भंगारवाल्याकडं, पंचनामा तलाठ्याकडं आणि श्रेय सरपंचाकडं गेलेलं असतं. नऊ माणसं, एक छोटा हत्ती म्हणजे मालवाहू टेम्पो, एक विजेवरचा ऑर्गन, आणि एक ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवरचं तालवाद्य. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असे चारही जिल्हे फिरलो, एकदा पार बुलडाण्यापर्यंत गेलो. पहिल्या हंगामात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितो आहे. असं काही गावोगावी न्यायचं डोक्यात असेल तर पुढचं वाचा.

१. आपण कोण नाही, ते आधी ओळखा

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात, नाटक म्हणजे रात्रभराचं नाटक. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवशी घरोघरी पाहुणे आलेले असतात. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटे गाव घरी जातं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं गाव. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं, बुकिंग तिथंच. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना हे नाव कळलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते आधीपासून पाठ होतं.

तुमचं दीड तासाचं नाटक घेऊन मंडईच्या रात्री अशा कंपनीसमोर उभे राहू नका. आम्ही राहिलो. पडदा पडल्यावर समोरून आवाज आला, "बस? झाला?" लोक उठेचनात. त्यांना वाटलं मध्यंतर आहे. शेवटी ऑर्गनवाल्यानं अर्धा तास भजनं वाजवून वेळ मारून नेली.

तुमची जागा संध्याकाळी सात ते पावणेदहा. जागा म्हणजे शाळेचं पटांगण, ग्रामपंचायतीचं सभागृह, देवळासमोरचा मंडप. प्रयोग ठेवणाऱ्या गावच्या मंडळाशी बोलताना पहिल्याच वाक्यात सांगा: "हे रात्रभराचं नाही, दीड तासाचं आहे, आणि जेवायच्या आधी संपते."

२. परग्रहवासी गावातच उतरवा

पहिल्या मसुद्यात आमचा परग्रहवासी 'झिंग झांग झूं' असलं काहीतरी बोलायचा. पोरं हसायची, मोठी माणसं बिड्या पेटवायची. मग एका तालमीत आमच्या नटाला, जो दिवसा तहसीलसमोर अर्ज लिहून देतो, सवयीनं निघून गेलं, "सदरहू ग्रहावरील रहिवाशांनी नोंद घ्यावी की..." आणि आम्ही सगळे खाली बसून हसलो. तेव्हापासून परग्रहवासी शासकीय मराठीत बोलतो आणि गाव झाडीबोलीत उत्तर देतं. तो म्हणतो, "उपरोक्त कडे तात्काळ सुपूर्द करण्यात यावे." म्हातारी विचारते, "मंग आधार कार्ड आनलं का बाप्पा?"

विज्ञानकथा म्हणजे यंत्रं असं समजून पैसे घालवू नका. प्रेक्षक कसलंही यंत्र मान्य करतात, फक्त ते आत्मविश्वासानं आणा. तुरीच्या काडीला 'हा किरणमापक' म्हटलं की झाला किरणमापक. लोक मान्य करत नाहीत ते चुकीचं गाव. तलाठी कोणत्या कामाला येतो, ग्रामसेवक कोणत्या, कोतवाल काय करतो, यात घोळ केलात तर तिसऱ्या ओळीतून दुरुस्ती येते.

जिल्हा बदलला की बोली बदला. आमची झाडीबोली अकोल्या-अमरावतीकडं वऱ्हाडीच्या कानाला परकी लागते. त्या प्रयोगांना आम्ही तिथला एक पोरगा म्हातारीच्या भूमिकेत घेतला. बुलडाण्यात तर विनोदच उलटला. तिकडं लोणार आहे, उल्केच्या धडकेनं झालेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. समोरून एक आजोबा ओरडले, "आमच्याकडं आख्खं तळं झालं, तुमी कड्याचं काय घिऊन बसले!" ते वाक्य आम्ही त्याच रात्री पुढच्या संहितेसाठी टिपून घेतलं. अशी वाक्यं वहीत टिपून ठेवा, पण पायरी ४ मधला संहितेच्या प्रमाणपत्राचा मुद्दा वाचूनच वापरा.

एक इशारा. परग्रहवासीच्या पाठीवर आम्ही फवारणीचा पंप बांधला होता. बॅटरीवरचा पंप, त्यातून पाण्याचा तुषार, मागून निळा दिवा, आणि यान उतरल्यासारखा झकास धूर. चंद्रपुरात टाळ्या. यवतमाळ जिल्ह्यात मात्र पंप दिसताच मंडपात शांतता. २०१७ मध्ये त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी शेतकरी-मजूर दगावले होते, हे आम्हाला माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. तिकडं आता पंप नेत नाही. इतरत्र वापरायचा असेल तर कोरा नवा घ्या, शेतात वापरलेला कितीही धुतला तरी स्टेजवर आणू नका.

३. गाणी: चाल कोणाची ते आधी विचारा

नव्या लोकांचा सगळ्यात मोठा मोह म्हणजे गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवणं. लोकांना लगेच पटतं, पण चाल दुसऱ्याची असते. शब्द बदलले म्हणून हक्क बदलत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ती चाल सुरक्षित आहे. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर परवानगी घ्या, नाहीतर तो रस्ताच सोडा.

सोडून नुकसान काहीच नाही. आपल्या लोककलांच्या चाली आहेत: दंडार आहे, खडी गंमत आहे, भारूड आहे, गोंधळ आहे, भुलाबाईची गाणी आहेत. यान उतरतं तेव्हा आमच्याकडं गोंधळाची संबळ ऑक्टोपॅडवर वाजते. परग्रहवासी आपल्या ग्रहाची माहिती देतो ती भुलाबाईच्या गाण्याच्या ढंगात, आणि बाया पहिल्या ओळीनंतर स्वतःच गायला लागतात. फक्त पारंपरिक चाल स्वतः वाजवा. कुणा कंपनीनं ध्वनिमुद्रित केलेली तीच चाल मोबाइलवरून लावलीत तर तो वेगळा हक्क आहे.

गाणी सहाच ठेवा. सातवं गाणं आम्ही गडचिरोलीच्या थंडीत शोधून काढलं: ते म्हणजे गायिकेचा खोकला. डिसेंबरमध्ये उघड्यावर गाताना आवाज दुसऱ्या गाण्यालाच बसतो. गरम पाण्याचा थर्मास विंगेत हवाच.

लावणीचं बोलून टाकू. मंडळवाले विचारतात, "डान्स ठेवला का?" अलीकडं ती अटच होत चालली आहे. मला लावणीचं वावडं नाही, पण लावणीच्या नावावर जे मागितलं जातं त्याचं आहे. आम्ही यंत्रमानवाची लावणी घातली. तबलजीच नऊवारी नेसून, पत्र्याचा कंबरपट्टा घालून नाचतो, आणि ऐन मुजऱ्यात त्याची बॅटरी संपते. वाकलेला तो तसाच उचलून आत न्यावा लागतो. मंडळाला 'लावणी आहे' असं खरं सांगता येतं.

४. कागदपत्रं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हिच्यावरच प्रयोग रद्द होतात.

- रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, संहितेचं प्रमाणपत्र. पावसाळ्यातच संहिता पाठवा. दिवाळी तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मूळ प्रत घरी, सत्यप्रती गाडीत.
- ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र. जागा शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचंही.
- स्थानिक पोलीस ठाण्याची कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. अर्ज गावच्या मंडळानं करायचा, पण पोच तुमच्या डोळ्यांनी बघा.
- तात्पुरत्या वीजजोडणीची महावितरणची पावती.
- सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि गाडीचे कागद.
- गावच्या मंडळाशी केलेला करार. अर्धं पान पुरे, पण दोन सह्या हव्यात.

आता सापळे. पहिला, आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके, फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. "आमच्या गावात रात्रभर चालते, काही होत नाही" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकाल. काही झालं की माईक तुमचा जप्त होतो, गावाचा नाही.

दुसरा, प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेबाहेर जाण्याचा. गावातलं नाव घेऊन केलेला विनोद हमखास टाळी घेतो. एका गावात आमच्या नटानं तिथल्या पुढाऱ्याचं टोपणनाव सहज घेतलं. टाळी पडली, पाठोपाठ पुढारी स्टेजवर चढला आणि परग्रहवासीला कॉलर धरून खाली उतरवलं. गंमत अशी की अर्ध्या प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. आता आमचा नियम आहे: हुद्दा चालेल, नाव नाही. टिपून ठेवलेली नवी वाक्यं पुढच्या हंगामाच्या सुधारित संहितेत घालून रीतसर पाठवतो.

तिसरा, निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की आधी मिळालेली परवानगी पुन्हा तपासून घ्या. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत केंद्राजवळच्या शाळेचं पटांगण मागूच नका.

५. सामान, आणि ते बसवणं

आमचं पहिलं कडं आठ फूट व्यासाचं, अखंड, लोखंडी सळईचं होतं. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. कडं टपावर बांधलं. नागभीडच्या पुढं ते बाभळीत अडकलं, आणि ते सोडवत असताना पोलिसांची गाडी थांबली. "हे काय आहे?" "यानाचं कडं आहे साहेब." लाडबोरीची बातमी ताजी होती. पाऊण तास गेला.

म्हणून कडं तीन तुकड्यांत करा. आठ फुटी वर्तुळाचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येकाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी सात फुटांच्या किंचित आत येते आणि फुगवटा दोन फुटांचा. हौद्यात नेमकं बसतं. चार तुकडे केलेत तर आणखी सुटसुटीत, पण सांधे वाढतात आणि कडं डुगडुगतं. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर खळीत भिजवलेलं गोणपाट, वाळल्यावर चंदेरी रंगाचे दोन हात. सांधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा. चमकीचा कागद लावू नका. वाऱ्यानं तो माईकमध्ये असा कुरकुरतो की संवाद ऐकू येत नाहीत.

पोशाखावर कमी खर्च करा, आवाजावर जास्त. विनोद ऐकू गेला नाही तर शिरस्त्राण कितीही झकास असो. कॉलर माईकच्या नादी आम्ही लागलो आणि पस्तावलो. घामानं बंद पडतात, मध्येच खरखरतात. दोन माईक वरून टांगा, एक गाण्यासाठी स्टँडवर ठेवा, आणि नटांना माईकखाली यायची सवय लावा. जुनी मंडळी हेच करत आली.

विजेचा हिशेब एकदा कागदावर मांडा. दोन स्पीकर, मिक्सर, ऑर्गन, ऑक्टोपॅड आणि आठ एलईडी दिवे मिळून दीड-दोन किलोवॅटच्या आत बसतं. तेवढ्याला ३ केव्हीएचा छोटा जनरेटर पुरतो. हजार वॅटचे चार हॅलोजन लावलेत की तेच चार किलोवॅट खातात आणि जनरेटर दुप्पट लागतो. मंडळानं "आकडा टाकून देतो" म्हटलं तर हात जोडा. गुन्हाही आहे आणि ओल्या जमिनीवर जीवही जाईल. अर्थिंग स्वतः तपासा. आमच्या गायिकेच्या ओठाला माईकचा झटका बसल्यापासून प्रयोगाआधी इलेक्ट्रिशियन टेस्टर घेऊन फिरतो. ऑर्गनला वेगळा छोटा यूपीएस द्या. व्होल्टेज पडलं की तो बंद होऊन नव्यानं सुरू होतो आणि गाण्याच्या मधोमध सगळे सूर मूळपदावर.

वीज जाणारच. आम्ही ती संहितेत घेतली आहे. अंधार झाला की परग्रहवासी टॉर्च स्वतःच्या हनुवटीखाली धरून म्हणतो, "आमच्या यानाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीजपुरवठा खंडित झाला आहे." म्हातारी म्हणते, "तू नव्हता तवाबी जातच होती." जनरेटर सुरू होईपर्यंतची दोन मिनिटं अशी निघतात. गोची एवढीच की ज्या रात्री वीज जात नाही त्या रात्री हा विनोद वाया जातो.

आणि तुडतुडे. धान पट्ट्यात कापणीच्या सुमारास हिरवे तुडतुडे दिव्याकडं ढगासारखे येतात. तोंड उघडून गाणाऱ्यानं काय करायचं? उपाय साधा आहे. एक लख्ख पांढरा दिवा स्टेजपासून लांब, प्रेक्षकांच्या मागच्या कोपऱ्यात लावा आणि त्याखाली पाण्याचं टोपलं ठेवा. स्टेजवर लाल-पिवळे दिवे ठेवा. सगळे जात नाहीत, पण गाता येतं.

६. गाव आणि तारीख ठरवणं

भाऊबीजेनंतर मंडया सुरू होतात. धान निघालेलं असतं, हातात पैसा असतो. तिथून होळीपर्यंत आपला हंगाम. ज्या गावात मंडई आहे ते गाव त्या आठवड्यात सोडा, शेजारच्या गावाचं बोला. आठवडी बाजाराच्या दिवशी प्रयोग नको, पण जाहिरात त्याच दिवशी करा. आमचा परग्रहवासी पूर्ण पोशाखात बाजारात भाजी घेत फिरतो आणि प्रत्येक दुकानदाराकडं पावती मागतो. पोस्टरपेक्षा याचा परिणाम दसपट.

शाळांसाठी २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, ही सोन्याची तारीख. चाळीस मिनिटांची वेगळी आवृत्ती तयार ठेवा. खरं कडं कुठून आलं, रॉकेटचे टप्पे कसे सुटतात, अवशेष जळत का खाली येतात, हे एका गाण्यात सांगा. शिक्षक खूश होतात आणि पुढच्या शाळेला स्वतः फोन करतात.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर या भागात वाघाची भीती खरी आहे. रात्री शेजारच्या वाडीवरून पायी आलेले लोक परत कसे जातील याचा विचार आधी करा. आम्ही अशा गावात साडेसहाला सुरू करतो आणि मंडळाकडून ट्रॅक्टरची सोय कबूल करून घेतो. गडचिरोलीच्या उत्तर भागात २०२१ पासून रानहत्तीही आहेत. निघण्याआधी वनरक्षकाला फोन करून रस्ता विचारा. तिकडं फोनवर "आम्ही छोटा हत्ती घेऊन येतोय" असं म्हणू नका. एकदा म्हटलं, समोरच्यानं गंभीरपणे विचारलं, "किती आहेत?"

७. पैसे

बयाणा घेतल्याशिवाय तारीख लिहू नका. उरलेली रक्कम मध्यंतराआधी, मोजून. पडदा पडल्यावर खजिनदार सापडत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. एका गावात तो तीन दिवस सापडला नाही.

कराराच्या अर्ध्या पानावर एवढं हवंच: रक्कम, वेळ, जनरेटरचं डिझेल-पेट्रोल कोणाचं, नऊ जणांचं जेवण, आणि बायकांसाठी बंद खोली व संडास. शेवटची ओळ लिहायला लाजू नका. "शाळा आहे ना" असं सांगतात आणि शाळेला कुलूप असतं. आमच्या दोघींनी एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं चादर धरून कपडे बदलले. त्यानंतर ती ओळ सगळ्यात वर आली.

कलाकारांना मालवाहू गाडीच्या हौद्यात बसवून नेऊ नका. दंड आहेच, पण उलटली तर विम्याचाही आधार नाही. सामान छोट्या हत्तीत, माणसं एसटीनं किंवा काळी-पिवळीनं. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर वडसा, नागभीड, मूल ही स्टेशनं सोयीची आहेत, फक्त परतीची गाडी आधी बघून ठेवा.

८. प्रयोगाचा दिवस

दुपारी तीनला पोचा. आधी वीज, मग माईक, मग कडं. पाचला चहा, साडेपाचला परग्रहवासीची गावात फेरी. पहिल्या दहा मिनिटांत पोरं स्टेजवर चढतील, त्यांना हाकलू नका. दोघातिघांना 'यानाचे रक्षक' करून कड्याभोवती बसवा. तीच पोरं बाकीच्यांना आवरतात.

प्रयोग संपल्यावर सामानाची यादी वाचत गाडी भरा, अंधारात आठवणीवर विसंबू नका. आमच्या कड्याचा एक तुकडा एका गावात राहिला. आठ दिवसांनी आणायला गेलो तर तो एका अंगणात उभा रोवलेला आणि वालाचा वेल निम्म्यावर चढलेला. घरच्या आजीला म्हटलं, "आजी, हे आमचं कडं आहे."

आजी म्हणाली, "कागद दाखव."

नवीन केलं. दोन बांबू लागले.